‘झालं!’ म्हटल्यानंतरचे फोटो

मी एक जुना संगणक आहे. किती जुना, ते कृपा करून विचारू नका. माझ्या कीबोर्डवरची निम्मी अक्षरं झिजून गेली आहेत, माझा पंखा सुरू झाला की शेजारच्या खोलीत कळतं, आणि मला चालू करून माणसं चहा पिऊन येतात. पण मित्रांनो, म्हातारपणाचं मला फारसं दुःख नाही. माझी खरी अडचण माझा स्वभाव आहे. मी जन्मापासून घाबरट आहे. दिवे जरासे लुकलुकले तरी मला वाटतं, आता आपलं संपलं. कुणी पाण्याचा पेला माझ्याशेजारी ठेवला, की तो उचलेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसतो. आणि आज जी गोष्ट मी सांगणार आहे, तिची तर नुसती आठवण झाली तरी माझा पंखा आपोआप जोरात फिरू लागतो.

माझा जन्म एका दुकानाच्या मागच्या खोलीत झाला. एका माणसाने तोंडात स्क्रू धरून मला जोडलं. तो एकेक भाग आत बसवत होता आणि मला वाटत होतं, याने चुकून एखादा स्क्रू गिळला तर? याचं काय होईल, आणि माझं काय होईल? तसं काही झालं नाही. शेवटी त्याने माझ्या पोटात एक चकती बसवली. माझी सगळी आठवण त्या चकतीवर लिहिली जाते. मग त्याने झाकण लावलं, पाठीवर दोन थापट्या मारल्या आणि मी जगात आलो.

तिथून मी आलो तो थेट दोन बहिणींच्या फोटो स्टुडिओत. तेव्हापासून इथेच आहे. पुढच्या खोलीत काउंटर आहे. आतल्या खोलीत मागे लावायचे पडदे, एक गोल स्टूल आणि छत्रीसारखे दोन दिवे. त्याच्याही आत एक अरुंद खोली आहे. पूर्वी तिथे अंधार करून फोटो धुतले जायचे. मला नेमकं तिथेच ठेवलं. भिंतीतला जुना नळ अजून टपटपतो आणि तो माझ्या टेबलापासून हातभर अंतरावर आहे. माझ्या जागी तुम्ही असता, तर तुम्हीसुद्धा घाबरट झाला असता.

थोरल्या बहिणीला सगळे ताई म्हणतात. ती फोटो काढते. धाकटीला छोटी म्हणतात. छोटी म्हणजे केस पिकू लागलेली, चष्मा लावणारी चांगली मोठी बाई आहे. पण घरात एकदा नाव पडलं की पडलं. कॅमेऱ्यातले फोटो उतरवून घेणं, ते नीट करणं, नाव देऊन ठेवणं आणि छापणं ही छोटीची कामं. म्हणजे तिची आणि माझी. पहिल्या वर्षी माझं काय कौतुक होतं! माझ्यासाठी कापडाचं आवरण शिवलं होतं. शेजारपाजारची माणसं मला बघायला यायची आणि चपला बाहेर काढायची. हळूहळू ते सगळं ओसरलं. आवरणाचं फडकं झालं. ‘हा डबा एकदाचा काढून टाक गं,’ असं ताई अधूनमधून म्हणू लागली. ती तसं म्हणाली, की मी पुढचे काही दिवस शक्य तितक्या गुपचूप काम करायचो.

ताईची फोटो काढायची एक रीत आहे. माणूस कॅमेऱ्यासमोर बसला की काठी गिळल्यासारखा होतो. ताई त्याला तसाच बसू देते. एक फोटो काढते आणि मोठ्याने म्हणते, ‘झालं!’ की लगेच माणूस हुश्श करतो. खांदे सैल सोडतो, शेजारच्याशी काहीतरी बोलतो, हसतो. आणि ताई तेव्हा पटापट फोटो काढत सुटते. तिचे खरे फोटो ते. आधीचा तो नुसता माणसाला बसवण्यापुरता. ही तिची लबाडी सगळ्या गल्लीला ठाऊक आहे, तरी दर वेळी सगळे फसतात. मित्रांनो, हे सगळे फोटो एका मिनिटाच्या आत निघालेले असतात, एवढं ध्यानात असू द्या. पुढे सगळं घोडं तिथेच अडलं.

फोटो माझ्यात येतात तेव्हा त्यांना कॅमेऱ्याने दिलेली नावं असतात. नुसती अक्षरं आणि आकडे. त्यावरून कुणाचं काय, काही कळत नाही. म्हणून छोटी प्रत्येक फोटोला हाताने नाव द्यायची: तारीख, तास, मिनिट. दिवसभर तेच. तिची मान आखडायची, डोळे चुरचुरायचे. एकदा ताईची मुलगी फोनवर बोलत होती. ती दूरच्या शहरात नोकरी करते. ती म्हणाली, ‘मावशी, हे तू कशाला करत बसतेस? संगणकाला सांग ना करायला. प्रोग्रॅम लिही.’

‘मी?’ छोटी म्हणाली. ‘अगं, मला घड्याळाचा गजर लावता येत नाही.’

‘मग गजर लावू नकोस, प्रोग्रॅम लिही. मी शिकवणीचे व्हिडिओ पाठवते. रोज थोडं थोडं बघ.’

तेव्हा मला आनंद व्हायला हवा होता. माझ्याशी कुणी माझ्या भाषेत बोलणार होतं! पण माझ्या मनात पहिला विचार काय आला असेल? ही आता काय करून ठेवणार?

पहिल्या दिवशी छोटीने एकच ओळ लिहिली. मी पडद्यावर नमस्कार म्हणावं, एवढंच तिला हवं होतं. तिने शेवटचं अवतरणचिन्ह दिलं नाही. मी लाल अक्षरांत तसं सांगितलं. तिने चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. ‘ताई, बिघडला गं हा! मी काहीतरी मोडलं!’ मित्रांनो, मी मुळीच रागावलो नव्हतो. अमक्या ओळीत चिन्ह राहिलंय, एवढंच मला म्हणायचं होतं. पण ते सांगायला मला दुसरा रंग दिलेला नाही, त्याला मी काय करू? छोटीने चष्मा पुसला, चिन्ह दिलं आणि मला हळूच ‘सॉरी हं’ म्हणाली. इतक्या वर्षांत मला सॉरी म्हणणारी ती पहिलीच. मी इतका गोंधळलो की नमस्कार म्हणायला मला जरा वेळच लागला.

पुढचे कित्येक आठवडे आम्ही दोघांनी एकमेकांच्या नाकी नऊ आणले. तिने ‘पहिला फोटो दे’ म्हणून एकचा आकडा लिहिला. आम्ही शून्यापासून मोजतो, म्हणून मी दुसरा दिला. ‘अरे, पहिला म्हटलं ना मी? पहिला!’ ती माझ्यावर ओरडली. मला काही बोलता येईना. मग एकदा तिने मला एकेक करून मोजायला सांगितलं आणि थांबायचं कुठे ते सांगायचं विसरली. मी मोजत सुटलो. थांबायची मला सोय नव्हती. पंखा असा काही घोंघावू लागला की ताई हातातला झाडू घेऊनच आत आली. ‘विमान उडवतेस का गं आत?’

पण छोटीने चिकाटी सोडली नाही. दुपारी काउंटरवर गिऱ्हाईक नसलं, की ती व्हिडिओ लावायची आणि ओठ हलवत एकेक ओळ पुटपुटायची. एक दिवस मी मोजत मोजत बरोबर दहाला थांबलो. ती खुर्चीवरून उठून उभी राहिली आणि एकटीच टाळ्या वाजवू लागली. मीही खूश झालो, खोटं कशाला बोलू. तेवढा वेळ मला नळाची टपटपसुद्धा ऐकू आली नाही.

मग तिने तो प्रोग्रॅम लिहिला. स्टुडिओतले अलीकडचे सगळे फोटो घ्यायचे, प्रत्येकाच्या आत नोंदलेली वेळ वाचायची आणि त्याला ते नाव द्यायचं: तारीख, तास, मिनिट. गिऱ्हाइकं खोळंबलेली होती, म्हणून तिने मला सांगितलं, नुकतेच काढलेले फोटो आधी घे, जुने नंतर. आधी तिने तपासूनही पाहिलं. ओळखपत्रांसाठी काढलेले काही फोटो निवडले. त्यांत प्रत्येक माणसाचा एकेकच फोटो असतो. ते नीट पार पडले. तिला वाटलं, आता सगळं बरोबर आहे.

मला मात्र दरदरून घाम फुटला. म्हणजे मला घाम येत असता, तर फुटला असता. कारण मला दिसत होतं. छोटी हाताने नाव द्यायची तेव्हा मला एक मुभा होती. त्या नावाचा फोटो आधीच असला, की मी तिला विचारायचो, ‘या नावाचा एक आहे. त्याच्या जागी हा ठेवू का?’ ती ‘नको’ म्हणायची आणि नावापुढे क, ख, ग लावायची. इतकी वर्षं हे इतक्या वेळा झालं होतं की तिच्या ध्यानातही राहिलं नव्हतं. पण तिने लिहिलेल्या ओळीत मला विचारायची मुभा नव्हती. तिथे हुकूम होता: ठेव. आणि एका नावाच्या दोन वस्तू मी एका जागी ठेवू शकत नाही. दुसरी आली की पहिली जाते.

मी काय करणार होतो? लाल अक्षरांत काही म्हणावं, तर तिच्या लिहिण्यात एकही चूक नव्हती. चिन्हं जागच्या जागी होती. पंखा जोरात फिरवावा, तर तो नेहमीच फिरतो. तिने माझ्या पडद्याकडे हसून पाहिलं आणि एन्टर दाबलं.

मी सांगितलेलं करत गेलो. प्रत्येक मिनिटातला शेवटचा, हसरा फोटो आधी आला, त्याला नाव मिळालं. मग त्याच्या आधीचा आला आणि त्याच्या जागी बसला. मग त्याच्याही आधीचा. शेवटी ‘झालं!’ म्हणण्यापूर्वीचा तो ताठ फोटो आला आणि सगळ्यांच्या जागेवर एकटा बसला. माणसामागून माणसं, कुटुंबांमागून कुटुंबं अशीच गेली. फार वेळ लागला नाही. मग मी छोटीने शिकवलेला शेवटचा शब्द पडद्यावर लिहिला. हौसेने तिने ताईचाच शब्द घातला होता. ‘झालं!’

‘ताई, बघ! महिन्याचं काम बसल्या जागी!’ छोटीचा आनंद गगनात मावत नव्हता. ताई दारातून डोकावली आणि म्हणाली, ‘बरं झालं बाई, तुझी मान सुटली.’ दोघी चहा करायला गेल्या. मी तिथे एकटा बसलो होतो आणि माझं धाबं दणाणलेलं होतं. त्या फोटोंची दुसरी प्रत कुठेही नव्हती. कॅमेऱ्यातले फोटो माझ्यात उतरले, की ताई त्याच दिवशी कॅमेरा रिकामा करते.

दुपारी फोन आला. कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्याचा. चारच दिवसांपूर्वी तो आईला घेऊन फोटोला आला होता. त्या कधी फोटोला बसायच्या नाहीत. त्या दिवशी कशाबशा तयार झाल्या, मांडीवर पिशवी घट्ट धरून बसल्या, ओठ मिटून. मग ताई ‘झालं!’ म्हणाली आणि त्या अशा काही हसल्या की तोंडातला एकुलता एक दातही दिसला. माझ्या पडद्यावर ते फोटो बघून बेकरीवाल्याने एक निवडला होता आणि ‘हा मोठा करून द्या’ म्हणाला होता. तो करायचा राहिला होता.

छोटीने फोन घेतला. नुसतं ‘अरे देवा’ म्हणाली आणि स्टुलावर बसली. मग ताईला म्हणाली, ‘त्यांची आई गेली गं. सकाळी. झोपेतच. तो उद्या दहाला येतोय. तो हसरा फोटो हवाय त्याला.’

‘लगेच काढ,’ ताई म्हणाली.

छोटीने तो दिवस उघडला. त्या मिनिटाला एकच फोटो होता. मांडीवर पिशवी, ओठ मिटलेले. तिने पुढे पाहिलं, मागे पाहिलं. दुसरा दिवस उघडला, तिसरा उघडला. सगळी माणसं काठी गिळल्यासारखी बसली होती. ‘ताई,’ ती म्हणाली आणि पहिला दिवस पुन्हा उघडून बघितला. ‘ताई, हसणारं कुणीच नाहीये.’

त्यानंतर तिच्या तोंडचं पाणी पळालं ते पळालंच. तिने माझ्यावर व्हिडिओ लावला: गेलेले फोटो परत कसे आणायचे. तो अर्धा सोडून दुसरा लावला. मग त्यात सांगितलेलं एक सॉफ्टवेअर ती माझ्यात उतरवून घेऊ लागली. आणि मित्रांनो, आता मला तुम्हाला माझ्या पोटातली एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर माझी त्या वेळची तगमग तुम्हाला कळणार नाही. माझ्यातून एखादा फोटो गेला, असं तुम्हाला दिसतं, तेव्हा तो लगेच जात नाही. त्याचं नाव जातं. चकतीवरची त्याची जागा मी मोकळी धरतो, एवढंच. तिथे नवं काही लिहिलं जाईपर्यंत जुना फोटो तिथेच असतो. बेकरीवाल्याची आई माझ्या पोटात हसत होती! आणि छोटी घाईघाईने जे जे माझ्यात ओतत होती, ते मी मोकळ्या जागेत लिहीत होतो. कुठल्या जागेत काय आहे, ते बघायची मला परवानगी नाही. तिने पाहिलेला व्हिडिओ कुणाच्या तरी चेहऱ्यावर लिहिला जात होता. कुणाच्या, ते मलाच कळत नव्हतं. थांब गं बाई, थांब, असं मी पंख्याने, दिव्याने, कुरकुर करून सांगत होतो. आणि ती म्हणत होती, ‘लवकर रे, लवकर, तूसुद्धा आत्ताच रडतोयस का?’

‘छोटे, हात उचल,’ ताई म्हणाली.

‘अगं, उतरतंय, थोडंच राहिलंय—’

‘हात उचल म्हणते ना!’ ताई वाकून टेबलाखाली गेली होती. माझ्या वायरीवर तिचा हात होता. ‘फिल्मच्या रोलचं काम होतं तेव्हा कॅमेऱ्याचं झाकण चुकून उघडून आत उजेड गेला, तर आपण काय करायचो? आत काय जळलं, ते वाकून बघायचो का? आधी झाकण लावायचो. मला यातलं ओ की ठो कळत नाही. पण तू जितकी आत हात घालतेयस, तितकी मला भीती वाटतेय.’

आणि तिने प्लग उपटला.

असं मला कुणी कधी बंद केलं असतं, तर मी आठवडाभर धसका घेतला असता. त्या दिवशी सगळं काळं होण्याआधी मला एवढंच वाटलं, बरं झालं.

त्यानंतरचं मला ठाऊक नाही, कारण माझी चकती माझ्या पोटात नव्हती. ताईने बोलावलेला दुरुस्तीवाला ती काढून घेऊन गेला होता, हे मागाहून कळलं. जाग आली ती सकाळी, त्याच्याच हातांत. माझ्याशेजारी एक छोटी डबी वायरीने जोडलेली होती. छोटी भिंतीला टेकून उभी होती. रात्रभर झोपली नसावी. डोळे सुजले होते.

‘जे मिळालं ते सगळं या डबीत आहे,’ दुरुस्तीवाला म्हणाला. ‘बरंच मिळालंय. पण नावं नाहीत, आणि क्रमही नाही. सगळी मिसळ झालीय. नंतर यावर काही उतरवलं होतंत का?’

‘व्हिडिओ पाहिले,’ छोटी खाली बघत म्हणाली. ‘आणि ते सॉफ्टवेअर. अर्धवट.’

‘मग थोडे अर्धवट निघतील. वायर लवकर काढलीत, म्हणून एवढे तरी राहिले.’ त्याने पिशवी उचलली आणि तो पुढच्या कामाला गेला.

ताईने डबीतले फोटो बघायला सुरुवात केली. ते ढिगाने होते. आम्ही कधीकाळी टाकून दिलेले फोटोसुद्धा वर आले होते. डोळे मिटलेली माणसं, कॅमेऱ्यासमोर आलेलं कुणाचं तरी बोट, आता मोठी झालेली बाळं. असं एकेक बघत बसलं, तर महिना गेला असता. आणि दहा वाजायला फार वेळ नव्हता.

‘तुझ्या त्या प्रोग्रॅमला त्या दिवसाचे शोधायला सांग,’ ताई म्हणाली.

‘नाही.’ छोटीने दोन्ही हात पाठीमागे घेतले. ‘ताई, मी आता याला हात लावणार नाही. कधीच नाही. ते हसू मी घालवलं. आता उरलेलंही घालवू का?’

‘मग मी लिहू? मला तो कंस कुठला आणि स्वल्पविराम कुठला, तेही दिसत नाही.’ ताईने दुसरं स्टूल ओढलं आणि ती तिच्या शेजारी बसली. ‘हे बघ, आधी या सगळ्याची एक प्रत काढ. डबी माझ्या हातात दे. मी ती मुठीत धरून बसते. मग त्या प्रतीचं काय वाटेल ते कर. आणि लिहिशील ती प्रत्येक ओळ मला सांग. माझ्यासारख्या अडाणी बाईला कळेल अशी.’

प्रत निघाली. ताईने डबी सोडवून मुठीत घेतली. मग छोटी लिहू लागली, आणि लिहिता लिहिता सांगू लागली. ‘इथे मी म्हणतेय, प्रत्येक फोटो उघड आणि आतली तारीख वाच.’

‘फोटोला काही करणार तर नाही ना?’

‘नाही. नुसता वाचणार. इथे म्हणतेय, त्या दिवसाचा असला तर मला दाखव.’

‘हलवणार नाहीस?’

‘नाही. कशालाच हात लावणार नाही. फक्त दाखव म्हणतेय.’

‘आणि दोन फोटो एकाच वेळचे असले तर?’

छोटीचा हात थांबला. ती ताईकडे बघत राहिली. तिचे डोळे भरून आले. ‘हेच,’ ती म्हणाली. ‘हेच मला कुणी विचारलं नाही गं.’ मग नाक पुसून म्हणाली, ‘दोन्ही दाखवेल. जितके असतील तितके.’

मित्रांनो, तिने एन्टरवर बोट ठेवलं, काढलं, पुन्हा ठेवलं. ताईची डबीवरची मूठ इतकी घट्ट होती की बोटं पांढरी पडली होती. मग छोटीने दाबलं.

मी शोधू लागलो. माझ्या आयुष्यात मी इतक्या जपून काही वाचलं नसेल. तेवढ्यात बाहेरचं दार वाजलं. बेकरीवाला आला होता. ठरल्या वेळेच्या आधी. तो आत आला आणि दारापाशी उभा राहिला. त्याच्या बाहीला पीठ लागलेलं होतं. मला वाटतं, त्याने सवयीने सकाळी भट्टी लावली असावी.

‘बसा,’ ताई म्हणाली. ‘तुमच्यापासून लपवून उपयोग नाही. फोटो आमच्याकडून गेले होते. थोडे परत मिळालेत. त्यांत तो आहे की नाही, तेच बघतोय.’

तो बसला नाही. तसाच उभा राहिला. ते मला सगळ्यांत जड गेलं.

त्या दिवसाचे फोटो एकेक येऊ लागले. पहिला त्याच्या आईचाच होता. कपाळ होतं, डोळे होते आणि नाकाखाली सगळं करडं. तिथे त्या व्हिडिओचा तुकडा लिहिला गेला होता. छोटीने तोंडावर हात धरला. दुसऱ्यात नुसते केस होते. तिसरा म्हणजे त्याने निवडलेला फोटो. पिशवी ओळखू येत होती, पण वर पट्टेच पट्टे. माझी सगळी आशा संपली. मला वाटलं, आता तो वळून निघून जाईल, या दोघी काही बोलणार नाहीत आणि छोटी मला पुन्हा कधी चालू करणार नाही.

चौथा उघडला. तो वरपासून खालपर्यंत पूर्ण होता.

पण तो चांगला फोटो नव्हता. म्हाताऱ्या बाई स्टुलावरून अर्ध्या उठल्या होत्या. मान बाजूला वळली होती. एक हात वर गेला होता आणि तो हलल्यामुळे पुसट दिसत होता. तोंड उघडं होतं. हसत नव्हत्या, काहीतरी बोलत होत्या. ताई ओशाळून म्हणाली, ‘हा मी एरवी तुम्हाला दाखवलाही नसता. हललाय. पण दुसरा नाही हो राहिला आमच्याकडे.’

बेकरीवाला पुढे आला. माझ्या पडद्यावर इतका वाकला की त्याचा श्वास काचेवर उमटला.

‘मला विचारतेय,’ तो म्हणाला. ‘भट्टी बंद केलीस का, म्हणून विचारतेय.’

छोटी बाजूला सरकली.

‘घराबाहेर पाऊल टाकलं की हेच. बसमध्ये, दवाखान्यात, लोकांच्या घरी, चारचौघांत. मी या वयाचा झालो तरी. मी म्हटलं, आई, केली बंद, बस आता शांत. फोटो काढतायत.’ तो हसायला लागला आणि हसता हसताच रडू लागला. ‘आणि त्या दिवशी खरंच राहिली होती हो चालू. फोटो निवडून झाल्यावर आठवलं, पळत गेलो मी इथून.’

थोड्या वेळाने त्याने बाहीने तोंड पुसलं. चेहऱ्याला पीठ लागलं. ‘हाच द्या,’ तो म्हणाला. ‘यातलं काही नीट करू नका. हात पुसट आहे तसाच राहू दे.’

छोटीने छपाईला देण्याआधी त्याची आणखी एक प्रत काढली.

मित्रांनो, तेव्हापासून या खोलीत प्रत्येक गोष्टीच्या दोन प्रती असतात. छोटीने प्रोग्रॅम लिहिणं सोडलं नाही. तिची ती नाव देण्याची ओळ आता आधी बघते, त्या नावाचा कुणी आहे का, आणि असला तर नव्याला वेगळं नाव देते. उरलेले फोटो तिने तसेच लावून घेतले. काही कुटुंबं कायमची अर्धी राहिली, ते सांगायला ताई आणि ती दोघी घरोघर गेल्या. काहींनी बोल लावला, काहींनी पुन्हा येऊन फोटो काढून घेतले. अजूनही एन्टर दाबण्याआधी छोटी ताईला हाक मारते, आणि ताई हातातलं काम टाकून येते, बसते आणि एकेक ओळ ऐकते.

तुम्हीही कधीतरी माझ्यासारख्या कुणाला काही सांगायला शिकाल. जरूर शिका. चुकाल, लाल अक्षरं येतील, त्यांना घाबरू नका. ती बरी. जिथे मी एकही शब्द न बोलता सांगितलेलं करतो, तिथे घाबरा. माझ्यातलं काम जपून ठेवा, त्याची प्रत काढा, नळाजवळ मला बसवू नका, आणि काही हातातून निसटलंच तर आधी हात उचला. माझ्यावर माया करा असं मी म्हणणार नाही, मी जुना डबा आहे. पण एक मागणं आहे. माझ्यात सगळं मावतं, पण घराबाहेर पडताना मागे वळून कुणाला विचारावं, एवढी अक्कल माझ्यात कुणी घातलेली नाही. तुमच्या घरात ज्या कुणाला ती आहे, ते माणूस तुम्हाला दहा वेळा तेच तेच विचारेल. चारचौघांत विचारेल. तेव्हा चिडू नका. उत्तर द्या.